वाचकांचे प्रश्न: ‘रेक्टिफाय’ आणि सुटून घरी आलेली माणसं

मागच्या अंकात ‘रेक्टिफाय’ या अमेरिकी मालिकेबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सगळं सदर तिलाच देते आहे. मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्जिया राज्यातलं पॉली नावाचं लहानसं गाव, तेही काल्पनिक. तिथल्या डॅनिएल होल्डनला वयाच्या 18व्या वर्षी मैत्रिणीवर बलात्कार आणि तिचा खून केल्याच्या आरोपावरून पकडतात आणि मृत्युदंड ठोठावतात. तो 19 वर्षं फाशीच्या कोठडीत काढतो. मग डीएनए जुळत नाही म्हणून शिक्षा रद्द होते आणि तो आईच्या घरी येतो. मालिका सुरू होते ती इथून. रे मॅकिनन यांनी ती रचली, डॅनिएलचं काम एडन यंग यांनी केलं आणि 2013 ते 2016 मध्ये सनडान्स वाहिनीवर चार पर्वांत तिचे 30 भाग झाले.

ताई, तुमच्या सांगण्यावरून पहिलं पर्व पाहून संपवलं. सहा भाग झाले तरी तपास जागचा हलत नाही. खून कोणी केला ते कळत नाही. माणसं नुसती बसून असतात, बोलतातही कमी. हिला गुन्हेमालिका का म्हणायचं?
*निवृत्त मुख्याध्यापक, सातारा*

सर, तुमचा राग मी समजू शकते, कारण पहिल्यांदा पाहताना मीही चौथ्या भागाशी थांबले होते. पुन्हा धरली ती दोन महिन्यांनी.

पहिल्या पर्वात सुटकेनंतरचा फार तर आठवडा आहे. एवढ्या दिवसांत खऱ्या आयुष्यात तरी काय होतं? माणूस झोपतो, उठतो, घरातल्या वस्तूंना हात लावून बघतो. आपल्या ओळखीच्या गुन्हेमालिका निकाल लागला की आटोपतात. न्यायाधीश बोलतात, घरचे रडतात, संपलं. त्या कैद्याचं पुढे काय, हे कोणी दाखवत नाही. मॅकिनन यांनी नेमकं तेच उचललं.

तपास नाही असं मात्र नाही. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, कार्ल डॅगेट आहे, आणि ज्यांनी सरकारी वकील म्हणून हा खटला चालवला आणि पुढे जे राजकारणात वर चढले ते सिनेटर फोक्स आहेत. त्यांना आपला जुना विजय हातचा जाऊ द्यायचा नाही. या दोघांकडे लक्ष ठेवा. शेरीफ हळूहळू कसा बदलत जातो हे पाहण्यासाठी तरी चौथ्या पर्वापर्यंत जा. शेवट मी सांगणार नाही.

एक विनंती करते. ‘याने केलं की नाही?’ हा प्रश्न चार भाग बाजूला ठेवून पाहा. त्या रात्री काय झालं याची खात्री खुद्द डॅनिएललाच देता येत नाही. पोलिसांनी तासन्‌तास प्रश्न विचारून त्याच्याकडून कबुली घेतलेली आहे आणि त्या कबुलीतलं खरं किती, हे आता त्यालाही सांगता येत नाही. कोठडीतले प्रसंग पुन्हा पाहा. शेजारच्या कोठडीत केरविन आहे. मध्ये भिंत. दोघं बोलतात ते हवेच्या झरोक्यातून, एकमेकांचा चेहरा न बघता. या दोघांच्या मैत्रीइतकं चांगलं मी अलीकडे टीव्हीवर काही पाहिलेलं नाही. तुम्ही शाळेत एवढी वर्षं काढलीत. खाली मान घालून बोलणाऱ्या मुलाचं ऐकायची तुम्हाला सवय असणार, तुम्हाला ते भावेल.

उच्चार अजिबात कळत नाहीत. काय करावं?
*वाचक, चिपळूण*

अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली आहे, शब्द लांबवून आणि तोंडातल्या तोंडात बोलतात. इंग्रजी अक्षरपट्टी (सबटायटल) लावून बघा. मीही तशीच पाहिली. डॅनिएल बोलताना मध्येच थांबतो आणि पुस्तकी शब्द वापरतो, ते मुद्दाम केलेलं आहे. 19 वर्षं त्याला पुस्तकांचीच सोबत होती.

मी विधीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डीएनए जुळला नाही म्हणजे तो निर्दोष ठरला. मग पुन्हा खटल्याची टांगती तलवार कशी? आणि आपल्याकडे असं कोणी सुटलं तर सरकार काही देतं का?
*वाचक, छत्रपती संभाजीनगर*

शिक्षा रद्द होणं वेगळं आणि निर्दोष ठरणं वेगळं, इथेच सगळी गोम आहे. डॅनिएलची शिक्षा रद्द झाली, आरोप तसाच राहिला. सरकारी पक्षाला खटला पुन्हा उभा करता येतो. गावही त्याच्याकडे त्याच नजरेने बघतं, हा सुटलाय पण स्वच्छ नाही. मोंढ्यातल्या दुकानापासून चर्चपर्यंत, असं आपल्याकडे म्हणावं लागेल, इतकं ते घरोघर पसरलेलं आहे.

(दुसरं आणि तिसरं पर्व पाहिलं नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

त्याच्यासमोर पुढे सौदा ठेवतात: गुन्हा कबूल कर, तुरुंगात जावं लागणार नाही, पण गाव सोड. आपल्याकडे तडीपारी म्हणतात तसंच काहीसं. हे कथेसाठी रचलेलं नाही. जॉर्जियाच्या राज्यघटनेत राज्याबाहेर हद्दपार करायला मनाई आहे. त्यातून तिथल्या न्यायालयांनी वाट काढली आणि राज्यातल्या 159 काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) 158मध्ये पाय ठेवायचा नाही अशी अट घातल्याची उदाहरणं आहेत. राहिली एक, आणि तीही सहसा अशी की तिथे कोणी राहायला जाणार नाही. माणूस आपणहून राज्य सोडतो. डॅनिएल टेनेसीतल्या नॅशव्हिलला जातो.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा निकाल मिळवून वाच. भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2003च्या एका गुन्ह्यात धरलं होतं. त्यांना फाशीची शिक्षा झाली. मार्च 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. 16 वर्षांचे 5 लाख. भागाकार तूच कर. न्यायालयाने दिलं म्हणून एवढं तरी मिळालं. असं कोणी चुकून अडकलं तर त्याला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 साली 277व्या अहवालात केली होती. तो अहवाल तुझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नसेल तर मागवून घ्यायला लाव. तुम्ही मुलं वकील व्हाल तेव्हा हे पुढे रेटायला हवं, मला मनापासून वाटतं.

नाव-गाव देत नाही. माझे दीर साडेआठ वर्षांनी येरवड्याहून घरी आले, महिना झाला. दिवसभर माडीवर बसून असतात. हाक मारल्याशिवाय जेवायला खाली येत नाहीत. काय करू जेवायला विचारलं की ‘काहीही’. सासूबाई डोळ्यांना पदर लावतात, आमचे हे चिडतात, म्हणतात, ‘सुटलास ना आता? मग?’ डॅनिएल माळ्यावर जाऊन जुना वॉकमन कानाला लावून बसतो तिथे मी टीव्ही बंद केला. ताई, आम्ही काय चुकतोय?

तुम्ही चुकत नाही आहात. आधी हे.

या सदरात मी घरचं कधी लिहिलेलं नाही, आज लिहिते. माझा दादा कळंब्याच्या तुरुंगातून 1998च्या मे महिन्यात घरी आला. बांधावरून भावकीत भांडण झालं, हातात जे होतं ते त्याने उगारलं, आणि आमचा चुलतभाऊ गेला. 304 कलमाखाली, म्हणजे सदोष मनुष्यवधासाठी, 10 वर्षं झाली होती, शिक्षेतली सूट (तुरुंगात तिला माफी म्हणतात) धरून साडेसात वर्षांनी सुटला. डॅनिएलच्या बाबतीत असलेला संशय आमच्या घरात नव्हता. दादाच्या हातून ते झालं होतं.

मी तेव्हा 31 वर्षांची. दर महिन्याला तुरुंगात त्याच्या भेटीला मी जायचे, वकिलाकडे मी जायचे, मनीऑर्डर मी करायचे. मालिकेतली डॅनिएलची बहीण अमांथा बघितली की मला धडकी भरते. भावाला सोडवायचं यातच तिची तरुणपणाची वर्षं गेली. तो सुटून आला, आणि आता सगळं पटापट मार्गी लागलं पाहिजे म्हणून ती त्याच्या मागे लागते. मीही तशीच लागले होते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन तहसीलला गेले, कारण रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी झालेलं होतं. तिथल्या रांगेत तो असा उभा राहिला की पुढचा माणूस सरकला तरी हा सरकेना. मागच्याने हटकलं. दादा त्याला म्हणाला, ‘साहेब, सांगितलं नाही अजून.’

तुमचे दीर हाकेशिवाय खाली येत नाहीत ते याचसाठी. साडेआठ वर्षं त्यांना उठ, बस, जेव, चल हे दुसऱ्याने सांगितलं आहे. ‘काहीही’ हा त्यांचा रुसवा नाही. आत काय हवं असं कोणी विचारतच नाही, त्यामुळे हवं-नको सांगायची सवय मोडून जाते. आई दादाला रोज विचारायची, ‘पिठलं करू का वांगं?’ आणि तो म्हणायचा, ‘काहीही.’ एकदा मी त्याच्यावर ओरडले, अगदी तुमच्या यजमानांसारखी. तो ताट उचलून मोरीवर गेला, घासलं, पालथं घातलं आणि भिंतीशी जाऊन बसला. त्याचं ताट कोणी दुसऱ्याने घासलेलं त्याला शेवटपर्यंत चाललं नाही.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. दिवेलागणीच्या आधी तुमचे दीर काय करतात ते बघा. तुरुंगात सूर्य मावळायच्या आत बराकबंदी होते, त्याआधी जोडीजोडीने उकिडवं बसवून गिनती घेतात. दादा रोज सहाच्या सुमारास हातातलं काम टाकून पडवीत उकिडवा बसायचा, हात गुडघ्यांवर, नजर खाली. पाच-सात मिनिटं. मग उठायचा. त्याला स्वतःला ते कळायचंही नाही. आई पहिल्यांदा घाबरली, तिला वाटलं छातीत दुखतंय. आमच्याकडे ते आठ-नऊ महिने चाललं. आई मग त्या वेळेला जवळ जाऊन बसायला लागली, निवडायचे तांदूळ घेऊन. काही बोलायची नाही. मला त्या वेळी ते दोघं तसे बसलेले बघवायचं नाही, मी आत जायचे.

झोपेचं विचारा त्यांना. बराकीत रात्रभर दिवा जळतो. मिट्ट काळोखात दादाला झोप लागेना, हे सांगायलाही त्याला दोन आठवडे लागले. झिरोचा बल्ब लावला आणि त्या रात्री तो सहा तास झोपला. इतकं साधं होतं.

आता करायचं काय. ‘काय करू’ असं मोकळं विचारू नका. दोन भाज्या समोर ठेवा, यातली कोणती, एवढंच. उत्तर आलं नाही तर त्यातली एक करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. भेटायला येणारे पै-पाहुणे महिना दोन महिने थोपवा, सासूबाईंना वाईट वाटलं तरी. पेढे घेऊन येणारी माणसं चांगलीच असतात, पण एका खोलीत दहा जण आपल्याकडे बघताहेत हे त्यांना सोसवणार नाही. हातांना एक काम द्या, असं की ज्यात सुरुवात आणि शेवट दिसतो. मालिकेत डॅनिएल आईचं स्वयंपाकघर उखडून नव्याने करायला घेतो, पुढे बहिणीच्या सोसायटीचा पोहण्याचा हौद रंगवतो. ते प्रसंग बघताना मला दादाचा गोठा आठवतो. त्याने आमचा गोठा एकट्याने तीन महिन्यांत बांधला, तीन वेळा भिंत पाडून पुन्हा घातली. कोणी घाई केली नाही, तेवढं मात्र आम्हाला तोवर समजलं होतं.

कागदपत्रं लगेच काढा, पण त्यांना दमवून नाही. आधार, बँकखातं, रेशनकार्ड. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात. सुटलेल्या बंद्यांना स्वतःचा धंदा उभारायला अर्थसहाय्य देण्याची सोय त्यांच्याकडून होते, तुरुंगातून मिळालेला सुटकेचा दाखला घेऊन जा. नोकरी लागली तर मालकाला आधीच खरं सांगून टाका. आम्ही ते लपवलं होतं. दादाला एका कारखान्यात काम लागलं, पाच महिने चोख केलं, मग कोणीतरी सांगितलं आणि त्याच दिवशी त्याला फाटकाबाहेर काढलं. तो घरी चालत आला, 14 किलोमीटर. ते पाच महिने त्याने जे कमावलं होतं, पैसे नव्हे, ते सगळं गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

रात्री दचकून उठत असतील, अंगावर धावून येत असतील किंवा मरणाचं बोलत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. चौथ्या पर्वात डॅनिएल नॅशव्हिलच्या एका निवासात राहतो, सगळे त्याच्यासारखेच सुटून आलेले. तिथला प्रमुख त्याला बोलतं करतो आणि डॅनिएल एकांतकोठडीचं पहिल्यांदा मोठ्याने सांगतो. ऐकणारा माणूस स्वतः आत राहून आलेला आहे म्हणून ते जमतं. तुमच्या यजमानांना म्हणावं, आपल्याला सगळं सांगितलं पाहिजे असा हट्ट नको. आम्हाला दादाने आतलं फार थोडं सांगितलं. त्याच्याबरोबर असलेला एक जण दर दिवाळीला यायचा, त्याच्याशी मात्र तो पहाटेपर्यंत बोलायचा.

तुमच्या यजमानांचा राग मला परका नाही. साडेआठ वर्षं गावात मान खाली घालून तेच वावरले असतील. त्यांच्याशीही कोणी बोलायला हवं. टीव्ही पुन्हा लावा, जमेल तेव्हा, आणि त्यांना शेजारी बसवा.

दादाने ‘वांगं कर’ असं म्हटलं ते त्याच वर्षी श्रावणात. पाऊस होता, आई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसतं ‘बरं’ म्हणाली.

ताई, माझ्या भावाला मारणारा माणूस गेल्या वर्षी सुटून आला. बाजारात समोर आला तर मी रस्ता बदलते. तुमच्या मालिकेत त्याचं दुःख, त्याच्या आईचं दुःख, सगळं त्याचंच. आमचं कोण दाखवणार?
*नाव देऊ नये*

तुमचं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं होतं.

मालिकेबद्दलची तुमची तक्रार बरोबर आहे. मारली गेलेली मुलगी, हॅना डीन, 16 वर्षांची होती. 30 भाग पाहिल्यावरही ती कशी हसायची, हे मला सांगता येत नाही. तिचा भाऊ बॉबी आहे, पण पहिल्या पर्वात तो येतो तो डॅनिएलला मरेस्तोवर मारणारा म्हणून. पुढे त्याचं मन थोडं उघडतं, आणि ते प्रसंग चांगले आहेत, पण कमी आहेत. इतक्या हळुवार लिहिणाऱ्या माणसाला त्या घरातही दोन भाग थांबता आलं असतं. मला ही मालिका फार प्रिय आहे आणि तरीही हा तिच्यातला मोठा दोष आहे असं मी म्हणेन.

वर मी माझ्या दादाचं लिहिलं. आमच्या गेलेल्या चुलतभावाची बायको आमच्यापासून चार घरं सोडून राहायची. दादा सुटून आला त्या दिवशी तिने दार लावून घेतलं, आणि पुढे कित्येक वर्षं आम्ही पाणी भरायला गेलो की ती घागर घेऊन परत फिरायची. मी तेव्हा तिच्यावर रागवायचे. शिक्षा भोगली ना त्याने, आता काय, असं आईला म्हणायचे. आईने मला एकदाच उत्तर दिलं, ‘तिचा कुठे सुटून आलाय?’

दादा 2014 साली गेला. त्या दिवशी ती वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, आत आली नाही. मी तिला काय म्हणायला हवं होतं ते मला अजून उमगलेलं नाही, आणि मी तिला आजवर काही विचारलेलंही नाही. ती अजून तिथेच राहते.

तुम्ही रस्ता बदलता ते बदला. त्याबद्दल कोणाला जाब द्यायची गरज नाही, आणि माफ करा असं मी तुम्हाला सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला एवढंच हवं आहे की तुम्ही मला पुन्हा लिहावं. त्या माणसाबद्दल नको, तुमच्या भावाबद्दल लिहा. तो काय काम करायचा, कोणाशी भांडायचा, घरी आल्यावर पहिली हाक कोणाला मारायचा. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. पुढच्या अंकात तुमच्या पत्रासाठी हे पूर्ण पान राखून ठेवते आहे.